कॉम्प्युटरमधला मंगळ

आमच्या सुरतेतल्या खानदेशी समाजात मुलगी बघायला आले की आधी पत्रिका बघतात, मग उंची, मग रंग, आणि सगळं बघून झालं की मुलीकडे बघतात. माझ्या बाबतीत लोक पत्रिकेवरूनच परत फिरायचे, त्यामुळे माझ्याकडे बघायची वेळ कोणावर आली नाही. मी तारा. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, बी.कॉम., डिंडोलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवणारी, आणि मंगळाची.

आता मंगळ आहे हे लोकांना कळायचं कसं, तर आमच्या डिंडोलीच्या जोशीबुवांची एक रीत होती. पत्रिकेत मंगळ निघाला की ते मुलीच्या नावाखाली लाल शाईने रेघ ओढायचे. बुवांचं वय झालेलं, हात थरथरायचा, त्यामुळे रेघ सरळ यायची नाही, नागमोडी यायची. पण तिचा धाक असा की लोक पुढचं काही वाचायचेच नाहीत. माझ्या पत्रिकेवर ती रेघ मी शाळेत असतानाच पडली. बघायला आलेली मंडळी पोहे संपवायची आणि घरी जाऊन निरोप पाठवायची की पत्रिका जुळत नाही. पोहे मात्र दर वेळी जुळायचे.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या समाजाने वधू-वर मेळावा घ्यायचं ठरवलं. समाजाने म्हणजे रामदासआप्पांनी. आप्पा पॉवरलूमच्या कारखान्याचे मालक, समाजाचे अध्यक्ष, आणि न विचारता सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारा सुरतेत कोणी नाही. हजीऱ्याच्या कुठल्याशा कंपनीत त्यांनी एका साहेबाला पडद्यावर पाट्या दाखवत भाषण ठोकताना बघितलं आणि ते क्लासात येऊन थडकले.

"तारा, आपल्या मेळाव्यालाबी तसंच पाहिजे. एक पोरगी, एक पाटी. बटण दाबलं की पुढची पोरगी."

मी म्हटलं, "आप्पा, मशीनवर मराठी अक्षरं नाहीत. गुजराती आहेत, इंग्लिश आहेत."

"गुजराती केलं तर म्हातारे चिडतील. तू इंग्लिश कर. इंग्लिश कोणालाच नीट येत नाही, म्हणजे भांडणाचा प्रश्नच नाही."

मेळाव्यात आडनावावरून आधीच नाकं मुरडायला नकोत म्हणून आडनाव, बापाचं नाव, गाव हे सगळं कमिटीकडे ठेवायचं ठरलं. स्लाईडवर फक्त नाव, वय, उंची, शिक्षण आणि मुलीचा रंग, मुलाचा पगार. मी विचारलं, रंग कशाला लिहायचा, पोरी समोरच तर येणार आहेत? आप्पा म्हणाले, "येतील तेव्हा पावडर लावून येतील." कप्पाळ! माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुवर्णाच्या स्लाईडवर त्यांनी 'व्हीटिश' लिहायला लावलं, म्हणजे गव्हाळ. माझी स्लाईड आली तेव्हा ते जरा खोकले आणि म्हणाले, "डार्क लिही. खोटं नको." मी लिहिलं.

खरं तर सुवर्णाची स्लाईड करायचं काही कारणच नव्हतं. तिचं ठरल्यात जमा होतं. मुलगा प्रवीण, नवागामचा, हजीऱ्याला पर्मनंट. पत्रिका जुळली होती, साखरपुडा तेवढा राहिला होता. तो आप्पांनी अडवून धरला, कारण मेळाव्यात पहिल्याच फटक्यात एक लग्न जमलं असं दाखवायला त्यांना आधी जमलेलं एक लग्न हवं होतं. सुवर्णा बिचारी प्रवीणवर जीव टाकायची. त्याची कंपनीची बस यायची वेळ झाली की हिचे कपडे नेमके तेव्हाच गॅलरीत वाळत घालायचे राहिलेले असायचे. तो खालून मान वर करायचा आणि ही एकच टॉवेल पुन्हा पुन्हा झटकायची. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. निदान एकीचं तरी सरळ होतंय, असं मी मनात म्हणायचे.

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी आप्पांनी सगळ्या घरांना क्लासात बोलावलं. आपापल्या मुला-मुलीची माहिती बरोबर आहे का बघून जा, नंतर बोंबा मारायच्या नाहीत. क्लासात पाय ठेवायला जागा उरली नाही. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला. मी एकेक स्लाईड उघडून दाखवत होते.

आता इथे एक सांगायला हवं. पॉवरपॉइंटला इंग्लिशची डिक्शनरी पाठ असते. ओळखीचा नसलेला शब्द आला की तो त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ ओढतो. आमची नावं त्याच्या बापजन्मी त्याने ऐकलेली नाहीत. धनश्री, सुषमा, सुवर्णा, सगळ्यांच्या नावाखाली एकजात रेघ. माझ्या डोळ्यांना ती रेघ इतकी सवयीची की मला ती दिसतसुद्धा नव्हती. म्हणून मी बेसावध राहिले.

सुवर्णाची स्लाईड उघडली आणि भटूमामा पुढे सरकले. भटूमामा म्हणजे प्रवीणचे मामा. त्यांना इंग्लिश येत नाही, पण लाल शाई वाचता येते.

"थांब व, थांब! हाई लाल रेघ कसानी शे?"

मी सांगितलं, "काही नाही मामा, ते कॉम्प्युटर ओढतं."

हे मी बोलायला नको होतं. मामांनी वळून प्रवीणच्या आईकडे, सरलाबाईंकडे बघितलं. सरलाबाईंनी पदर तोंडाला लावला. कोणीतरी मागून म्हणालं, कॉम्प्युटरने पत्रिका बघितली. त्या वर्षी सुरतेत कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देणारी दुकानं नुकतीच निघाली होती, त्यामुळे हे लोकांना लगेच पटलं. पुढच्या पाच मिनिटांत धनश्रीची आई रडत होती, सुषमाचे वडील माझ्याशी भांडत होते, आणि ज्यांच्या पोरी अजून पाळण्यात होत्या तेही घाबरले होते.

मी घसा फोडून सांगितलं, अहो, ही मंगळाची रेघ नाही. याला इंग्लिश शब्द येतात, आपली नावं येत नाहीत. अनोळखी नाव दिसलं की हा रेघ ओढतो, बस. लोक जरा शांत झाले. तेवढ्यात कोणाचा तरी हात लागला आणि पुढची स्लाईड आली. माझी.

तिच्यावर एकही रेघ नव्हती. तारा हे नाव तिकडच्या कोणा मडमेचंही असतं म्हणे, त्यामुळे डिक्शनरीत होतं. आणि 'डार्क' तर इंग्रजांना पाठच. व्हीटिश शब्दाखालीसुद्धा रेघ होती, पण डार्कखाली नाही. माझी पाटी धुतल्यासारखी स्वच्छ.

भटूमामांनी डोळे बारीक केले. "मंग तुन्हं नाव कसं वळखस तो? तू काय विलायतमा जलमनी का?"

मडमेचं सांगितलं तर लोक हसले. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजच पहिल्यांदा त्यांना दिसले. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे जोशीबुवाच चुकले म्हणायचे." दहा वर्षं माझ्या नावाने तोंड फिरवणारी माणसं, त्यांना बुवा चुकू शकतात हे एका रविवारात पटलं. मी तोंडाने हजारदा सांगितलं असतं तर पटलं असतं का?

मी घाईघाईने स्लाईड शो चालू केला. शोमध्ये रेघा दिसत नाहीत. म्हटलं, बघा, मेळाव्यात असं दिसणार आहे, एकही रेघ नाही. झालं! आगीत तेल. पाहुण्यांसमोर रेघ लपवायची आणि आत तशीच ठेवायची, मुलीवाल्यांची ही जुनीच खोड, असं सरलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या.

सोमवारी मी पक्का इलाज केला. मजकूर कुठल्या भाषेतला आहे हे त्या प्रोग्रामला सांगता येतं. त्याच्याकडे बघितलं तर मराठीचा पत्ताच नाही. पण ज्या भाषेची डिक्शनरी मशीनमध्ये नाही ती भाषा निवडली की तो गप्प बसतो, कारण त्यालाच काही कळत नाही. मी सगळ्या मुलींना फिनिश करून टाकलं. फिनलंड नकाशात कुठं आहे हे मला आजही शोधावं लागेल, पण आमच्या खानदेशी पोरी दुपारच्या चहाआधी तिकडच्या झाल्या आणि सगळ्या रेघा गेल्या. मला फार आनंद झाला. वाटलं, सुटले.

कसली सुटते! आपल्या मुलीची रेघ गेली म्हणून कोणी खूश झालं नाही. शेजारणीच्या मुलीची का गेली, हे विचारायला मात्र सगळे आले. मी कोणाकडून काय घेऊन मंगळ पुसला, याची चौकशी झाली. जोशीबुवा स्वतः जिना चढून आले, दारातून मशीन बघितलं, किंमत विचारली आणि सुस्कारा टाकून गेले. शेवटी आप्पा आले.

"रेघा परत आण."

"आप्पा, अहो त्या स्पेलिंगच्या..."

"तू शिकलेली आहेस, कबूल. पण कमिटीला विचारल्याशिवाय समाजाचा मंगळ काढायचा अधिकार तुला कोणी दिला? परत आण."

मी सगळ्या पोरींना फिनलंडहून परत आणलं. रेघा जशाच्या तशा उगवल्या. आप्पा समाधानाने मान डोलावून गेले.

मी हे सगळं घरी हसत सांगत होते. आई अहिराणीत बोलते, मी मराठीत उत्तर देते आणि सुवर्णा गुजरातीत हसते, असं आमचं घर. त्या दिवशी सुवर्णा हसली नाही. प्रवीणची बस दोन दिवस खालून गेली होती आणि त्याने मान वर केली नव्हती.

बुधवारी संध्याकाळी सरलाबाई आणि भटूमामा घरी आले. प्रवीण दारातच उभा राहिला. आईने चहा ठेवला. भटूमामांनी कपाला हातही लावला नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट आहे. मामा फुकटचा चहा सोडणारे नव्हेत.

"धाकट्या पोरीचा मंगळ तुम्ही लपवला," सरलाबाई म्हणाल्या. "मोडूनच टाकणार होतो. पण मामा म्हणाले, एवढं मोठं घर, शब्द दिलेला. मग आम्ही विचार केला. थोरलीची पाटी स्वच्छ आहे. नोकरी करते. वयाने प्रवीणएवढीच. रंगाचं आम्ही बघून घेऊ. थोरली द्या."

मी प्रवीणकडे बघितलं. हजीऱ्याला लोखंड वितळवतात म्हणे. हा मात्र आपल्या बुटांकडे बघत उभा. मामापुढे तोंड उघडायची हिंमत नाही. सुवर्णा आतल्या दाराला धरून उभी होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना.

पण खरं वाईट मला आईकडे बघून वाटलं. आईने आधी सुवर्णाकडे बघितलं, मग माझ्याकडे. अठ्ठावीस वर्षांची थोरली, मंगळाची, आणि तिला आपणहून मागणी आलेली. क्षणभर आईच्या डोळ्यांत ते चमकून गेलं. दोष तरी काय देऊ तिला? देवळांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या तिने माझ्यासाठी. पण मला असा संताप आला, असा संताप आला, की कपबशी मामांच्या टकलावर फोडावी वाटली.

मी कपबशी खाली ठेवली आणि म्हटलं, "मामा, कॉम्प्युटर कधी चुकतो का?"

"कव्हयच नही," मामा म्हणाले.

"मग उद्या आप्पांना घेऊन क्लासात या. सगळेच या. प्रवीणलाही आणा."

आले. अध्यक्ष, मामा, सरलाबाई, आमची आई, सुवर्णा, आणि बूट बघणारा नवरदेव. बाकी समाज जिन्यात. मी मुलांची फाईल उघडली. हीच फाईल, हेच लोक, त्याच रविवारी डोळे फाडून बघून गेले होते. उंची बघितली, पगार बघितला, पर्मनंट आहे की टेंपररी ते बघितलं. रेघा तिथेही होत्या. पण मुलाच्या नावाखालची रेघ दिसायला डोळे वेगळे लागतात. मंगळ काय, मुलींनाच असतो!

प्रवीणची स्लाईड आली. मी अक्षरं मोठी केली. नाव मोठं झालं आणि खालची लाल रेघही चांगली मोठी झाली.

सरलाबाई ओरडल्या, "हे कसं शक्य आहे? माझ्या पोराची पत्रिका गंगेसारखी स्वच्छ आहे!"

मी म्हटलं, "सुवर्णाचीही स्वच्छच होती. आपल्याच जोशीबुवांनी जुळवली होती. पण काल मामा म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नाही. आता चुकतो म्हणायचं असेल तर म्हणा, माझी हरकत नाही."

मामा कचाट्यात सापडले. चुकतो म्हणावं तर सुवर्णाला मंगळ नाही. चुकत नाही म्हणावं तर भाच्याला आहे. जिन्यात खुसखुस सुरू झाली. सरलाबाई घाम पुसत आप्पांकडे बघायला लागल्या.

मी पुढचा प्रश्न सरळ आप्पांना विचारला. "आप्पा, मंगळाच्या मुलाला मुलगी कशी बघतात?"

"मंगळाचीच," आप्पा म्हणाले. हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. "मंगळाला मंगळ चालतो. दोष कटतो." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सुवर्णाची स्लाईड लावायला सांगितली, मग पुन्हा प्रवीणची, मग पुन्हा सुवर्णाची. दोन्ही रेघा त्यांनी चष्मा वर-खाली करून ताडून बघितल्या. "अरे वा! सारख्याला सारखी. असा मंगळ हजारात जुळत नाही. भटू, तू पोराचं नशीब मोडायला निघाला होतास!"

भटूमामांनी लगेच सांगून टाकलं की त्यांच्या मनात पहिल्यापासून हेच होतं. सरलाबाईंनी सुवर्णाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. सुवर्णा रडत-रडत हसली आणि प्रवीणने चार दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. मी त्याला खाऊ की गिळू अशा नजरेने बघितलं, पण बहिणीला तोच हवा होता, तिथे माझं काय चालणार? साखरपुडा मेळाव्यात, स्टेजवर, आप्पांच्या हस्ते ठरला.

सगळं आटोपलं, लोक चपला शोधायला लागले, तेव्हा आप्पा माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज मऊ झाला होता.

"तारा, तू समाजाची लाज राखलीस. आता तुझं बघू. पण पंचाईत आहे गं. मी आत्ता सगळ्या मुलांच्या पाट्या बघितल्या. धर्मेंद्र, चेतन, सगळ्यांना रेघ. बिनरेघेचा एक मुलगा नाही. आणि मंगळाच्या मुलाला स्वच्छ मुलगी देऊन मी पाप कसं घेऊ?"

म्हणजे बघा. काल मंगळ होता म्हणून मला मुलगा नव्हता. आज मंगळ नाही म्हणून मुलगा नाही. मला हसू फुटलं, ते आवरेना. आप्पांना वाटलं मी लाजले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

क्लास रिकामा झाला. सुवर्णा खाली रिक्षा बघायला गेली. आई तेवढी मागे राहिली. मी मशीनसमोर बसले होते, ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि पडद्यावरच्या माझ्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिली. तिला एक अक्षर वाचता येत नाही. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तारा, एक काम कर ना बेटा. तुन्हा नावखालेबी वढ ना ती लाल रेघ."

जी रेघ पुसायला ही बाई दहा वर्षं उपास करत होती, तीच आता मागत होती. माझ्यासाठीच मागत होती, हे कळत होतं, म्हणून तर जास्त लागलं.

मी म्हटलं, "आई, ती अशी ओढता येत नाही. माझं नाव मुद्दाम चुकवलं तरच येते."

"मंग चुकाड ना," आई म्हणाली. "लगीनमा तं तुन्हं नाव बदलीच जाई."

मी नाव चुकवलं नाही. आई पुष्कळ दिवस धुसफुसत राहिली. राहू दे. अख्ख्या समाजात माझ्या नावात काही खोट नाही असं म्हणणारं ते एकटं मशीन होतं, त्याचं तोंड मी स्वतःच्या हाताने कशाला बंद करू?